केबल सोडण्याआधी वर्षाचा हिशेब मांडा

दोन वर्षांपूर्वी एक खातेदार भगिनी पासबुक घेऊन शाखेत आल्या. शिवणयंत्रासाठी घेतलेल्या कर्जाचा २,१५० रुपयांचा हप्ता परत गेला होता. हप्ता परत गेल्याबद्दल २५० रुपये शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून २९५ रुपये कापले गेले होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "साहेब, खात्यात २,६०० रुपये ठेवले होते. मी मोजून ठेवते. मग हप्ता परत कसा गेला?"

पासबुक छापून घेतले. हप्त्याची तारीख ५ होती. ३ तारखेला ९९९ रुपये एका ओटीटी ॲपला गेले होते. खात्यात राहिले १,६०१ रुपये. वर्षभरापूर्वी केबल बंद करताना मुलाने आईच्या फोनवरून ते ॲप घेतले होते. वर्ष संपले आणि वर्गणीचे आपोआप नूतनीकरण झाले. आदल्या दिवशी त्याचा संदेशही आला होता, पण तो जाहिरातींच्या गर्दीत न वाचता राहिला. ते ॲप घरात सहा महिन्यांपासून कोणी उघडलेले नव्हते.

यात फसवणूक नव्हती, बँकेची चूकही नव्हती. तरीही कष्टाचे जवळजवळ तेराशे रुपये हातचे गेले. केबल सोडून ओटीटी, फ्री डिश किंवा अन्य पर्यायाकडे वळण्याचा विचार तुम्ही करत असाल, तर आधी हा धडा शेवटपर्यंत वाचा. खर्च वाचवण्याचा विचार योग्यच आहे. फक्त तो कागदावर उतरवूनच करायला हवा.

१. मूळ फरक कुठे आहे?

केबलचे किंवा डीटीएचचे पैसे आपण दर महिन्याला स्वतः भरतो. केबलवाला दारात येतो, किंवा आपण रिचार्ज करतो. विसरलो तर टीव्ही बंद पडतो. म्हणजे आपण काहीच केले नाही तर खर्च थांबतो.

ओटीटीचे बहुतेक वेळा उलटे असते. एकदा ऑटोपेला संमती दिली की पैसे आपोआप जात राहतात. आपण काहीच केले नाही तर खर्च चालू राहतो. ॲप पाहा किंवा पाहू नका, ठरलेल्या तारखेला रक्कम वजा होते. रक्कम लहान असते, त्यामुळे ती खुपत नाही.

म्हणून कोणता पर्याय स्वस्त हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: हा खर्च थांबवण्याचे काम कोणाचे आहे? उत्तर 'माझे' असेल, तर ते काम कोणत्या तारखेला करायचे हेही लिहून ठेवावे लागेल.

२. केबलचे बिल आधी वाचा

अनेक घरांत केबल महाग पडते ते न पाहिलेल्या वाहिन्यांमुळे. बिलाचे तीन भाग असतात. पहिला भाग नेटवर्क क्षमता शुल्काचा, म्हणजे जोडणीचा. दुसरा सशुल्क वाहिन्यांचा, आणि तिसरा या दोन्हींवरच्या १८ टक्के जीएसटीचा.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१९ मध्ये नवी दरपद्धत लागू केली. तेव्हा १०० वाहिन्यांसाठी जोडणी शुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये होती. २०२० मध्ये त्याच रकमेत २०० वाहिन्या देण्याचे ठरले. जुलै २०२४ मधील दुरुस्तीनंतर ही कमाल मर्यादा उठवण्यात आली. आता केबलचालक किंवा डीटीएच कंपनी हे शुल्क स्वतः ठरवते, मात्र ते जाहीर करावे लागते. म्हणून शेजाऱ्याचे बिल आणि तुमचे बिल वेगळे असू शकते. विचारून घ्या.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी घेता येते. संपूर्ण पॅकेजच घ्यावे अशी सक्ती नाही. महाराष्ट्राबाहेर, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबादला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा विशेष उपयोग होतो. तिथल्या तयार पॅकेजमध्ये स्थानिक भाषेच्या वाहिन्या भरपूर असतात आणि मराठी एखादीच असते. अशा वेळी मोठे पॅकेज घेण्यापेक्षा हव्या त्या दोन-तीन वाहिन्या सुट्या मागाव्यात.

एक उदाहरण पाहू. यातले आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या बिलातले आकडे त्यांच्या जागी लिहा.

आजचे केबल: जोडणी १३० + पॅकेज १५० = २८० रुपये. जीएसटी धरून ३३०.४० रुपये. वर्षाचे सुमारे ३,९६५ रुपये.

छाटलेले केबल: जोडणी १३० + प्रत्येकी १९ रुपयांच्या दोन वाहिन्या ३८ = १६८ रुपये. जीएसटी धरून १९८.२४ रुपये. वर्षाचे सुमारे २,३७९ रुपये.

केबल न सोडता, फक्त न पाहिलेल्या वाहिन्या काढून, वर्षाला जवळजवळ १,५८६ रुपये वाचले. घरात वयस्कर माणसे असतील आणि त्यांना एकाच रिमोटची सवय असेल, तर कित्येकदा हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय ठरतो.

३. दरमहा शुल्क नसलेला पर्याय: डीडी फ्री डिश

प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. छतावरची छोटी डिश, सेट टॉप बॉक्स आणि जोडणी यांचा एकदाच साधारण दोन हजार रुपये खर्च येतो. त्यानंतर दरमहा काहीही भरावे लागत नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या, त्यात सह्याद्री, बातम्या, चित्रपट, शैक्षणिक वाहिन्या आणि आकाशवाणी असे बरेच काही तिच्यावर मिळते.

आणखी एक फायदा क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी. २००७ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावे लागते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रसारणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येते, केबलवर नाही. म्हणजे भारतीय संघाचे असे ठरावीक सामने फ्री डिशवर वर्गणीविना दिसतात. सगळे सामने मात्र दिसत नाहीत. आयपीएलच्या भरवशावर फ्री डिश घेऊ नका.

मर्यादाही लक्षात घ्या. खासगी वाहिन्या लिलावातून जागा घेऊन फ्री डिशवर येतात, आणि निघूनही जातात. एप्रिल २०२२ मध्ये काही मोठ्या समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तिथून काढून घेतल्या होत्या. आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. घरात रोज पाहिली जाणारी मालिका कोणत्या वाहिनीवर आहे आणि ती वाहिनी फ्री डिशवर आहे का, हे घेण्याआधी एखाद्या फ्री डिश असलेल्या घरी जाऊन पाहावे.

आपल्या उदाहरणातले केबल बंद केले तर दोन हजारांचा हा खर्च सुमारे सहा महिन्यांत भरून निघतो.

४. ओटीटीचा खरा खर्च

ओटीटीची जाहिरात फक्त ॲपची किंमत सांगते. तुमच्या खिशातून मात्र चार ठिकाणी पैसे जातात.

पहिला खर्च इंटरनेटचा. टीव्हीवर एक तास पाहायला साध्या दर्जात साधारण एक जीबीपर्यंत आणि एचडी दर्जात तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीमध्ये एका संध्याकाळचीही करमणूक होत नाही. घरात ब्रॉडबँड नसेल तर ते घ्यावे लागेल.

दुसरा खर्च ॲप्सचा. एकाच ॲपवर सगळे मिळत नाही. मालिका एकीकडे, क्रिकेट दुसरीकडे, चित्रपट तिसरीकडे, असे असते.

तिसरा खर्च उपकरणाचा. जुन्या टीव्हीला वेगळे स्टिक किंवा बॉक्स लावावे लागते. टीव्हीला एचडीएमआय जोडणी आहे का ते आधी पाहा.

चौथा खर्च विसरण्याचा. त्याचे उदाहरण या धड्याच्या सुरुवातीलाच आले आहे.

आता हिशेब करू. समजा ब्रॉडबँड दरमहा ४९९ रुपये आणि जीएसटी. वर्षाचे सुमारे ७,०६६ रुपये झाले. तीन ॲप्स घेतली: एक वर्षाला ९९९, दुसरे दरमहा १४९, तिसरे दर तीन महिन्यांना २९९. वर्षाचे ३,९८३ रुपये झाले. एकूण ११,०४९ रुपये.

केबल होते ३,९६५ रुपयांचे. फक्त टीव्हीसाठी ब्रॉडबँड घेतले तर खर्च पावणेतीनपटीहून अधिक झाला!

हेच घर थोडे वेगळे असेल तर उत्तर बदलते. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा कामासाठी ब्रॉडबँड आधीच घरात असेल, तर तो खर्च टीव्हीच्या नावावर धरायचा नाही. आणि तीन ॲप्स एकदम न घेता एका वेळी एकच घेतले, त्यावरचे हवे ते पाहून झाल्यावर ते बंद करून दुसरे घेतले, तर १४९ रुपयांच्या हिशेबाने वर्षाला १,७८८ रुपयेच लागतात. केबलच्या तुलनेत २,१७७ रुपये वाचले.

वर्गणीविना मिळणारेही बरेच आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू केले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुने कार्यक्रम पाहता येतात. यूट्यूबवर तर जाहिरातींसह कितीतरी मराठी नाटके, कीर्तने, मुलाखती उपलब्ध आहेत. विकतचे ॲप घेण्याआधी महिनाभर हे वापरून पाहा.

सगळे पर्याय एका ठिकाणी, वर्षाच्या खर्चासह:

• आजचे केबल: ३,९६५ रुपये
• छाटलेले केबल: २,३७९ रुपये
• फ्री डिश: पहिल्या वर्षी सुमारे २,००० रुपये, पुढे दरमहा काही नाही
• ब्रॉडबँड आधीच आहे, एका वेळी एक ॲप: १,७८८ रुपये
• नवे ब्रॉडबँड आणि तीन ॲप्स: ११,०४९ रुपये

पाहा, 'ओटीटी' हा एकच शब्द, पण यादीत तो स्वस्तातही आहे आणि सर्वांत महागही तोच आहे. फरक ॲपमुळे पडला नाही, घर ते कसे वापरते यामुळे पडला.

५. ऑटोपे तुमच्या ताब्यात ठेवा

ऑटोपे म्हणजे तुमच्या खात्यातून ठरलेल्या वेळी पैसे घेण्याची तुम्ही दिलेली आगाऊ परवानगी. तिला ई-मँडेट म्हणतात. कार्ड आणि यूपीआयवरील अशा परवानग्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत.

• परवानगी देताना ओटीपी किंवा पिन लागतोच. म्हणून मोफत चाचणीसाठी एक-दोन रुपये भरताना पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' हा शब्द आहे का ते पाहा. रक्कम, किती दिवसांनी जाणार आणि कधीपर्यंत, या तिन्ही गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात.
• पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी. त्यात कोणाला, किती आणि कधी पैसे जाणार हे लिहिलेले असते. ती वेळ नकार देण्यासाठीच ठेवलेली आहे.
• ओटीटीच्या वर्गणीसारखी १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुढच्या वेळी ओटीपीविना जाऊ शकते. म्हणून ओटीपी आला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असे समजू नका.
• परवानगी तुम्ही केव्हाही रद्द करू शकता.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फोनमधून ॲप काढून टाकले की वर्गणी थांबली असे समजणे. ॲप काढल्याने परवानगी रद्द होत नाही. ॲपमधील 'सबस्क्रिप्शन' मध्ये जाऊन आधी वर्गणी रद्द करा. ती फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर तिथे रद्द करा. मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' हा विभाग उघडून तिथली परवानगीही रद्द करा. कार्डावरून दिली असेल तर बँकेच्या ॲपवर किंवा बँकेने सांगितलेल्या संकेतस्थळावर रद्द करता येते. जमत नसेल तर पासबुक आणि फोन घेऊन शाखेत या. या कामासाठी शाखेत यायला संकोच वाटू देऊ नका.

आणखी दोन सवयी लावून घ्या. पहिली, ज्या खात्यातून कर्जाचा हप्ता, विमा किंवा आवर्ती ठेव जाते, त्या खात्याला करमणुकीचे ऑटोपे जोडू नका. दुसरी, शक्य असेल तेव्हा ऑटोपे नाकारून एकाच महिन्याचे पैसे भरा. महिना संपला की सेवा बंद होईल आणि पुन्हा घ्यावी का हे तुम्ही ठरवाल. केबलची ती जुनी चांगली सवय ओटीटीलाही लावता येते.

६. फसवणुकीपासून सावध

"तुमची टीव्ही सेवा आज रात्री बंद होणार", "केवायसी पूर्ण करा", "परतावा मिळवण्यासाठी पिन टाका" असे संदेश आले की थांबा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. तो बिलावरून किंवा ॲपमधूनच घ्या. 'पाचशे रुपयांत सगळी ॲप्स वर्षभर' असे सांगणाऱ्या माणसाकडून काही घेऊ नका. अशा चोरीच्या ॲपबरोबर तुमच्या फोनमधली माहितीही चोरीला जाऊ शकते.

तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नुकसान तुमच्यावर पडत नाही. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुम्हालाच सोसावे लागते.

७. बदल करताना क्रम पाळा

नवा पर्याय एक महिना चालवून पाहा, मगच केबल सोडा. केबल सोडताना आधीची शिल्लक किंवा अनामत रक्कम परत मागा. सेट टॉप बॉक्स भाड्याचा असेल तर तो परत करून पावती घ्या. ब्रॉडबँड त्याच केबलचालकाचे असेल तर त्याच्या दरावर काय परिणाम होणार हे विचारा. आणि घरात दिवसभर टीव्ही ज्यांचा सोबती आहे, त्या आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना नवा रिमोट जमतो का हे बसून पाहा. त्यांची रोजची मालिका बंद करून वाचवलेले पैसे फार दिवस वाचत नाहीत. महिन्याभरात केबल पुन्हा येते आणि ॲपही चालूच राहते.

८. वाचलेले पैसे कुठे गेले?

आता शेवटची पायरी. वर्षाला २,१७७ रुपये वाचले म्हणजे महिन्याला सुमारे १८० रुपये. हे पैसे खात्यात तसेच राहिले तर भाजीत, रिक्षात, चहात विरून जातात. महिनाअखेरीस बचत दिसत नाही.

ज्या दिवशी केबल बंद कराल त्याच दिवशी तेवढ्याच रकमेची आवर्ती ठेव सुरू करा. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून पैसे ठेवता येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा व्याजदर ६.७ टक्के ठरला. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करते, म्हणून खाते उघडताना चालू दर विचारा. ६.७ टक्क्यांनी दरमहा १८० रुपये ठेवले तर पाच वर्षांत तुम्ही भरता १०,८०० रुपये आणि मिळतात सुमारे १२,८४६ रुपये. फ्री डिश घेऊन डिशचा खर्च निघाल्यावर दरमहा ३०० रुपये ठेवता आले, तर १८,००० चे सुमारे २१,४१० रुपये होतात. बँकेतही आवर्ती ठेव असते. दोन्हींचे दर पाहून ठरवा.

आपोआप पैसे जाण्याची जी सोय ओटीटीसाठी त्रासाची ठरते, तीच इथे उपयोगी पडते. खात्यातून आवर्ती ठेवीत आपोआप पैसे जाण्याची स्थायी सूचना बँकेला द्या. तुम्ही विसरलात तरी बचत चालू राहील.

सुरुवातीला सांगितलेल्या भगिनींनी तेच केले. ॲपची परवानगी शाखेतच बसून रद्द केली. हप्ता भरला. जाताना त्यांनी दरमहा २०० रुपयांची आवर्ती ठेव उघडली. घरी फ्री डिश बसवली आहे आणि मुलगा यूट्यूबवर पाहतो, असे पुढच्या खेपेला त्यांनी सांगितले.

स्वाध्याय

१. मागच्या बारा महिन्यांचे पासबुक किंवा खातेउतारा घ्या. टीव्ही, ओटीटी आणि इंटरनेटला गेलेली प्रत्येक रक्कम वेगळी लिहून बेरीज करा.
२. यूपीआय ॲपमधील 'ऑटोपे' विभाग आजच उघडा. तिथे किती परवानग्या चालू आहेत? त्यांपैकी मागच्या महिन्यात किती सेवा वापरल्या?
३. घरातील प्रत्येकाला विचारा: तुम्ही रोज नक्की काय पाहता? उत्तरे लिहा आणि ती केबल, फ्री डिश, मोफत ॲप आणि विकतचे ॲप यांपैकी कुठे मिळतात ते समोर नोंदवा.
४. चालू असलेल्या प्रत्येक वर्गणीची नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तिच्या चार दिवस आधीच्या तारखेला खूण करा. ठेवायची की सोडायची, हे त्या खुणेच्या दिवशी ठरवा.